मडकं, पाणी आणि एका शेतकऱ्याचं नाव



ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी जन्मभर मोडी शिकवली. जुन्या दप्तराचा कागद हाती आला, की ते विद्यार्थ्याला आधी त्यातली माणसांची नावं वाचायला लावत. पत्राचा मायना ठरलेला असतो, हिशेबाचे शब्द ठरलेले असतात, त्यामुळे चार अक्षरं लागली नाहीत तरी मजकुराचा अंदाज बांधता येतो. नावाचा अंदाज बांधता येत नाही. ते अक्षर न् अक्षर लावून वाचावं लागतं. आजचा माझा विषय इथून फार दूरचा आहे, सोळाव्या शतकातल्या मेक्सिकोचा. पण त्यातला सगळा वाद शेवटी याच मुद्द्यावर येऊन ठेपतो, म्हणून हा विषय निवडला.

मेंदोसा पोथी या तिथल्या चित्रमय हस्तलिखितात एका पानावर बाळाच्या नामकरणाचं चित्र आहे. जन्मानंतर चौथ्या दिवशी सुईण उघड्या बाळाला अंगणात आणते. तिथे लव्हाळी अंथरलेली आहेत आणि त्यांवर पाण्याचं लहानसं पात्र आहे. मुलगा असेल तर जवळ इवलीशी ढाल आणि बाण, शिवाय बापाच्या धंद्याची हत्यारं मांडलेली. सुताराची, सोनाराची, पिसांचं काम करणाऱ्याची, आणि त्यांच्या रांगेत पोथ्या रंगवणाऱ्या लेखनिकाचीही. मुलगी असेल तर चाती, पेटी आणि केरसुणी. बाजूला तीन मुलगे बसून भाजलेला मका आणि शिजलेला घेवडा खात आहेत. बाळाला पाण्याने न्हाऊ घातलं, की सुईण या मुलांना सांगते आणि ती नव्या बाळाचं नाव मोठ्याने पुकारतात. नाव आधी असं हवेत जायचं. मला आज विचारायचं आहे ते एवढंच, की हे पुकारलेलं नाव कागदावर उतरत होतं का, आणि उतरत असेल तर जसंच्या तसं उतरत होतं का.

ही माणसं नावात्ल बोलायची. ज्यांना आपण ॲझ्टेक म्हणतो त्या मेशिकांची ही भाषा, पण त्यांच्या शेजाऱ्यांचीही आणि त्यांच्या शत्रूंचीही. आपल्या भाजीत पडणाऱ्या टोमॅटोचं नाव याच भाषेतून जगभर गेलं. मेक्सिकोत आजही १६ लाखांहून अधिक लोक ती बोलतात. त्यांचे पूर्वज वड-उंबराच्या कुळातल्या झाडांच्या सालीपासून कागद करत आणि त्यावर रंगाने लिहीत. १५२१ च्या ऑगस्टमध्ये स्पॅनिश सेनानी कोर्तेस आणि त्याच्या त्लाश्काल्तेक दोस्तांनी मेशिकांचं तेनोच्तित्लान नगर जिंकलं. त्याआधीचं कागदावरचं लेखन जवळजवळ सगळं नष्ट झालं. आज आपल्या हाती जे आहे ते बहुतेक पुढच्या चाळीस-पन्नास वर्षांतलं, म्हणजे जुने लेखनिक आणि त्यांचे शिष्य हयात असतानाचं.

मेंदोसा पोथीही त्यातलीच, सुमारे १५४१ ची. स्पेनच्या राजाला पाठवण्यासाठी ती तयार झाली, समुद्रात फ्रेंच चाच्यांच्या हाती लागली आणि फिरत फिरत १६५९ मध्ये ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात पोहोचली. तिच्या सुरुवातीला मेशिका राजांची ओळ आहे. राजा चटईवर बसलेला, आणि त्याच्या डोक्यापासून एक बारीक रेघ निघून एका छोट्या चित्राला भिडलेली. ते चित्र म्हणजे त्याचं नाव. मुठीत धरलेले बोरूचे बाण दिसले की राजा अकामापिच्तली, कारण अकात्ल म्हणजे बोरू आणि मापिच्तली म्हणजे मूठ. धूर सोडणारी ढाल दिसली की चिमाल्पोपोका: चिमाली ढाल, आणि पोपोका म्हणजे धुमसणं. साप आणि त्याच्या पाठीवर काळ्या ज्वालाकाचेची पाती दिसली की इत्सकोआत्ल: इत्सली ही काच, आणि कोआत्ल साप.

इथवर ऐकून कुणीही म्हणेल, की ही नुसती चित्रं आहेत, नावाचा अर्थ काढून दाखवणारी. धुमसती ढाल काढली, पाहणाऱ्याने ‘धुमसती ढाल’ असं ओळखलं, यात लेखन ते काय? आक्षेप रास्त आहे. त्याला उत्तर द्यायला आपण आशायाकात्ल राजाकडे जाऊ. हे नाव मेक्सिकोच्या तळ्यातल्या एका पाणकिड्याचंही आहे. लेखनिकाने किडा काढला नाही. त्याने माणसाचा चेहरा काढला आणि त्यावर पाणी वाहतं दाखवलं. आत्ल म्हणजे पाणी, शायाकात्ल म्हणजे चेहरा. शब्दाच्या शेवटी येणारं ‘त्ल’ किंवा ‘त्ली’ जोडणीत गळून पडतं, हे वाचणाऱ्याला त्याच्या भाषेनेच शिकवलेलं असतं. म्हणून आ आणि शायाका, मिळून आशायाका. नावात्ल न येणाऱ्याला या चित्रात भिजलेला माणूस दिसेल, नाव दिसणार नाही.

ही युक्ती मराठीत करून पाहू. समजा नागपूर हे गावाचं नाव चित्राने लिहायचं आहे. नाग काढणं सोपं. पण ‘पूर’ म्हणजे नगर, ते कसं काढणार? घरं काढली तर कुणी ‘नागवाडी’ वाचेल, कुणी ‘नागगाव’. त्याऐवजी नदीला आलेला पूर काढला, तर मराठी माणूस बिनचूक ‘नागपूर’ म्हणेल. पाण्याशी त्या गावाचा संबंध नसला तरी चालेल, कारण इथे चित्राचा अर्थ सोडून फक्त त्याचा उच्चार घेतला आहे. नावात्ल लेखनिक हे नेहमी करत. गावांच्या नावांत ‘त्लान’ हा प्रत्यय येतो, ‘तिथे, त्या ठिकाणी’ अशा अर्थाचा, आणि तो काढून दाखवता येत नाही. पण त्लान्तली म्हणजे दात. म्हणून गावाच्या चिन्हाखाली दात काढायचे. ‘पान’ हा ‘वर’ या अर्थाचा प्रत्यय, तर पान्तली म्हणजे निशाण, म्हणून तिथे निशाण. ‘त्सिंको’ हा लहान, धाकट्या गावाचा प्रत्यय, तर त्यासाठी माणसाचा कमरेखालचा भाग, कारण त्सिन्तली म्हणजे बूड. पावित्र्याची किंवा शोभेची कसलीही कल्पना त्यात नव्हती. हवा होता तो आवाज.

तरीही विसाव्या शतकात या लिपीला लिपीच्या पंगतीत बसवायला थोर अभ्यासक तयार नव्हते. आय. जे. गेल्ब यांनी १९५२ च्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात तिला खऱ्या लेखनाच्या अलीकडच्या पायरीवर ठेवलं. पुढे एलिझाबेथ हिल बून यांच्यासारख्यांनी अधिक आदराने, पण वेगळ्या दिशेने मांडणी केली: ही लेखनपद्धती बोललेल्या शब्दांवर अवलंबून नाही, अर्थ थेट चित्रातून पोहोचवते, आणि हेच तिचं वैशिष्ट्य आहे. स्थलांतरांच्या कथा, पंचांगं आणि देवतांच्या पोथ्यांपुरतं हे बरोबर आहे. पावलांचे ठसे काढले की प्रवास कळतो. पेटलेलं, कोसळतं देऊळ काढलं की गाव जिंकलं गेलं हे कळतं, आणि वाचणारा ते आपल्या शब्दांत, आपल्या भाषेत सांगू शकतो. माझं म्हणणं आहे, की ही मांडणी नावाशी येऊन थांबते. कथा दहा जण दहा प्रकारे सांगतील आणि दहाही खऱ्या ठरतील. इत्सकोआत्ल हे नाव कुणी ‘काचेचा सर्प’ असं समजून दुसऱ्या शब्दांत सांगितलं, तर ते त्या माणसाचं नाव राहत नाही. म्हणून एखाद्या चिन्हपद्धतीला लेखन म्हणायचं की नाही याची कसोटी तिच्या पुराणकथांच्या पानांवर घेऊ नये, नावांवर घ्यावी. आणि नावं सगळ्यांत जास्त कुठे आहेत? देवांच्या पोथीत नाहीत. ती सारावसुलीच्या वहीत आहेत.

तेश्कोको नगराच्या परिसरात तेपेत्लाओस्तोक नावाचं गाव आहे. तिथल्या शेतकरी कुटुंबांची १५४० च्या सुमाराची पाहणी दोन हस्तलिखितांत उरली आहे. त्यांतलं एक, वेर्गारा पोथी, पॅरिसला आहे. दुसरं, सांता मारिया आसुन्सिओनची पोथी, मेक्सिको शहरात. दिसायला ही पानं साधी आहेत. मेंदोसा पोथीतला थाट त्यांत नाही. आधी खानेसुमारी येते: घरटी एक ओळ, घरकर्त्याचं डोकं, मग बायको, मुलं, आश्रित, रेघांनी एकमेकांशी जोडलेली डोकी. मग त्याच कुटुंबांच्या शेतांची पैमाश, प्रत्येक शेताचा आकार, बांधांची मापं आणि मातीचा प्रकार. तिसऱ्या भागात त्याच शेतांचं क्षेत्रफळ. ज्याचं शेत त्याचं नाव पुन्हा काढलेलं. मेलेल्या माणसांची डोकी काळ्या रंगाने भरलेली आहेत. नवऱ्याचं डोकं काळं आणि शेजारी बायकोचं कोरं, अशा ओळींवरून बोट फिरवत गेलं, की युरोपातून आलेल्या रोगांनी त्या गावात काय केलं ते आकडा न सांगता कळतं. १५४५ मध्ये मोठी साथ आली, तिने नावात्ल मुलुख उजाड केला.

वेर्गारा पोथीत एका शेतकऱ्याचं नाव इत्सकोआत्ल आहे. मोठ्या राजाचंच नाव. राजा इत्सकोआत्ल १४२७ च्या सुमारास गादीवर आला, आणि तेनोच्तित्लानची सत्ता पसरू लागली ती त्याच्यापासून. त्याच्या नावासाठी मेंदोसा पोथीच्या लेखनिकाला साप आणि काचेची पाती पुरली. तेपेत्लाओस्तोकच्या लेखनिकाने या शेतकऱ्यासाठी साप काढलाच नाही. त्याने काचेचं पातं काढलं, त्यातून ‘इत्स’. त्याच्या जोडीला मडकं काढलं: कोमित्ल म्हणजे मडकं, त्यातून ‘को’. मग पाणी: आत्ल, त्यातून ‘आ’. इत्स-को-आ. मडक्याचा आणि पाण्याचा त्या माणसाशी, सापाशी किंवा नावाच्या अर्थाशी काडीचा संबंध नाही. ती फक्त उच्चार देतात.

जोसेफ ओबँ या फ्रेंच संशोधकाच्या हे लक्षात आलं ते १८४९ मध्ये. तो १८३० पासून बरीच वर्षं मेक्सिकोत राहिला होता. अठराव्या शतकात बोतुरिनी नावाच्या इटालियन माणसाने जमवलेला आणि सरकारने जप्त केलेला पोथ्यांचा साठा तोवर पांगला होता. त्यातला बराच भाग ओबँने गोळा केला. पुढे तो संग्रह एका फ्रेंच धनिकाने विकत घेतला आणि तो पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आला. दोन इत्सकोआत्ल शेजारी ठेवून ओबँने दाखवलं, की ही पद्धती शब्द लिहू शकते आणि अक्षरंही लिहू शकते. शोध मोठा होता, आणि तो शंभर वर्षांहून अधिक काळ जवळजवळ बाजूला पडून राहिला. मला हे फार लागतं. उत्तर छापलेलं होतं, पुरावा ग्रंथालयात होता, तरी विद्वान ‘ही लिपी की चित्रं’ असं विचारत राहिले. २००८ च्या सुमारास आल्फोन्सो लाकादेना आणि मार्क झेंडर यांनी ओबँचा धागा पुन्हा हातात घेतला, माया लिपीच्या उलगड्यात तावून निघालेल्या पद्धती नावात्ल चिन्हांना लावल्या, आणि कोणतं चिन्ह कुठल्या अक्षरासाठी येतं याची मांडणी केली. लाकादेना २०१८ मध्ये अकाली गेले. २०२१ मध्ये गॉर्डन व्हिटेकर यांनी आपल्या पुस्तकात या चिन्हव्यवस्थेची सविस्तर ओळख करून दिली. त्यांची मतं लाकादेनांशी सगळीकडे जुळत नाहीत, पण हे लेखन आहे यावर दोघांचं एकमत आहे.

एक शंका मात्र वारंवार काढली गेली आहे: हे मडक्याचं ‘को’ आणि पाण्याचं ‘आ’ स्पॅनिश मिशनऱ्यांच्या अक्षरांकडे बघून सुचलं नसेल कशावरून? लाकादेनांनी याचा विचार फार नीट केला. स्पॅनिश अंमलाचं केंद्र तेनोच्तित्लानमध्ये होतं. मेंदोसा पोथी त्याच शहरातली आणि स्पॅनिश राजासाठी केलेली. परकी अक्षरं शिकून हा प्रकार सुरू झाला असता, तर तो तिथे सर्वांत जास्त दिसायला हवा होता. तिथे तो कमी आहे, आणि तेश्कोकोकडच्या खेड्यातल्या जमिनीच्या वहीत भरपूर आहे. याचा अर्थ असा, की तेश्कोकोकडच्या लेखनिकांचं वळणच वेगळं होतं, आधीपासूनचं. माणसाशेजारी नावाचं चिन्ह काढण्याची रीत तर स्पॅनिश येण्याआधीची आहेच. १४८७ मध्ये तेनोच्तित्लानच्या महामंदिराच्या नव्या इमारतीसाठी कोरलेली शिळा मेक्सिको शहराच्या मानववंश संग्रहालयात आहे. तिच्यावर तिसोक आणि आवित्सोत्ल हे दोन राजे समोरासमोर उभे आहेत, आणि प्रत्येकाशेजारी त्याचं नाव आहे. तेव्हा कोलंबसही निघाला नव्हता.

उलट खरं कौतुकाचं आहे ते पुढचं. परके आले तेव्हा या लेखनिकांनी आपली लिपी त्या परक्यांच्याच नावांवर वापरली. पेद्रो दे आल्वारादो हा कोर्तेसचा सरदार, तांबूस केसांचा. लोक त्याला तोनातिउ म्हणजे सूर्य म्हणत. म्हणून एका पोथीत तो मेलेला दाखवला तेव्हा त्याच्या शेजारी सूर्य आहे. ती टोपणनावाची गोष्ट झाली, ती सोपी. कठीण होतं व्हाइसरॉय आंतोनिओ दे मेंदोसाचं आडनाव. नावात्लमध्ये ब, द, ग, फ, र हे उच्चार नाहीत. पेद्रोचं तिथे ‘पेतोलो’ होतं. मेंदोसाचं ‘मेतोसा’ होतं, आणि ते लिहायला लेखनिकाने घायपात काढली, मेत्ल, आणि तिच्या जोडीला बिळं करणारा एक उंदराच्या कुळातला प्राणी, तोसान. घायपात आणि तो प्राणी मिळून सर्वांत मोठ्या स्पॅनिश अधिकाऱ्याचं नाव. यात अर्थ शोधणारा चकतो, उच्चार शोधणारा वाचतो. ज्या स्पॅनिश नावाला नावात्लमध्ये काही अर्थच नव्हता ते लिहिता आलं, यापेक्षा ही लिपी आहे याचा मोठा पुरावा मला माहीत नाही.

आता एका दुखऱ्या बाजूकडे. या सगळ्या नावांत पुरुषांचीच गर्दी आहे. पुरुषांची नावं रंगीबेरंगी आहेत. काही जन्मदिवसाची: २६० दिवसांच्या पंचांगात १३ आकडे आणि २० चिन्हं यांच्या जोड्या होत. मूल ज्या दिवशी जन्मलं त्या दिवसाचं चिन्ह नावात येई, आणि रोजच्या वापरात आकडा गळून नुसतं तोच्तली म्हणजे ससा, मासात्ल म्हणजे हरीण, असं उरे. काही लढाईची: याओत्ल म्हणजे शत्रू, आणि ते लिहायला ढाल व सोटा. काही पक्ष्यांची, पिसांची, फुलांची. बायकांचं काय? क्वेर्नावाका परिसरात १५४० च्या आसपास नावात्लमध्येच, रोमन अक्षरांत लिहिलेल्या खानेसुमाऱ्या उपलब्ध आहेत, आणि त्यांत घरोघरी त्याच चार-पाच नावांची ओळ लागते. तेयाकापान म्हणजे थोरली. त्लाको म्हणजे मधली. तेइकू म्हणजे धाकटी. शोको म्हणजे शेंडेफळ. शेजारच्या घरात पुन्हा तेयाकापान, त्यापुढच्या घरात पुन्हा. आपापल्या घरात त्या वेगळ्या ओळखू येत असतील, दप्तरात मात्र त्यांचा नुसता क्रम उरला. चित्रलिपीतल्या वह्यांतही वाचायला मिळतं ते मुख्यतः घरकर्त्याचं नाव, कारण सारा त्याच्याकडून घ्यायचा असे. लिपीत स्त्रीचं नाव लिहिण्याची ताकद नव्हती असं नाही. लिपीला ते काम कुणी सांगितलं नाही. आज या लिपीचा गौरव करताना हे सांगितलंच पाहिजे.

१५६० ची वेशोत्सिंकोची नोंदवही हे या विषयातलं सर्वांत मोठं भांडार आहे. आजच्या प्वेब्ला राज्यातलं वेहोत्सिंगो ते हेच. गावागणिक कर देणारे पुरुष, विसाविसांच्या गटांत, प्रत्येकाचं डोकं, त्याला जोडलेलं नावाचं चित्र, आणि वर रोमन अक्षरांत एक स्पॅनिश आणि एक नावात्ल नाव: बाप्तिस्म्याचं हुआन किंवा पेद्रो, आणि त्यामागे आईबापांनी ठेवलेलं. अशी हजारो माणसं. कारागिरांजवळ त्यांच्या धंद्याची खूण काढली आहे. तिथे कोण राजा, कोण सेनापती असा प्रश्नच नाही; सुतार आहेत, शेतकरी आहेत, आणि प्रत्येकाचं नाव काढताना लेखनिकाने थांबून विचार केलेला दिसतो. एकच ‘क्वाउतली’ म्हणजे गरुड, पण कुठे पूर्ण पक्षी, कुठे नुसतं डोकं.

पुढे ही सगळी नावं झपाट्याने गेली. सतराव्या शतकात साध्या नावात्ल माणसाचं नाव बहुधा दोन स्पॅनिश नावांची जोडी असे, हुआन फ्रान्सिस्को, मारिया आना, अशी. नावात्ल नावं उरली ती मुख्यतः घराण्यांची आणि आडनावांची. चोलुलाकडे आजही क्वाउत्ले, कोयोत्ल अशी आडनावं आहेत, गरुड आणि कोल्ह्यासारखा कोयोत. वेहोत्सिंगो तिथून फार लांब नाही.

ओरेगन विद्यापीठात स्टेफनी वुड यांच्या पुढाकाराने या चिन्हांचा एक खुला चित्रकोश संगणकावर उभा राहतो आहे. मेंदोसा पोथी, वेशोत्सिंकोची वही आणि आणखी पोथ्यांतली एकेक नावं सुटी करून, त्यांतलं प्रत्येक चिन्ह आणि त्याचा उच्चार तिथे नोंदवला जातो. त्याच विद्यापीठाच्या नावात्ल शब्दकोशात आलोन्सो दे मोलिना या फ्रान्सिस्कन साधूच्या १५७१ च्या कोशातले शब्द आहेत, आणि त्यांच्या जोडीला वास्तेका भागातल्या आजच्या नावात्ल भाषकांनी आपल्या भाषेत लिहिलेले अर्थही आहेत. नाव वाचायला दोन्ही लागतात. एखाद्या चित्रातलं झुडूप किंवा पक्षी कोणता हे मोलिनाच्या कोशात सापडेलच असं नाही. तो पक्षी रोज शेतावर पाहणारा, आणि त्याला आजही त्याच नावाने हाक मारणारा माणूस ते सांगू शकतो. वेशोत्सिंकोची वही पॅरिसच्या ग्रंथालयाने संकेतस्थळावर खुली ठेवली आहे. तुमच्यापैकी ज्यांनी मोडीची नावं लावली आहेत, त्यांनी तिची दोन-चार पानं जरूर पाहावीत. वरची रोमन अक्षरं हाताने झाकून आधी खालचं चित्र वाचून बघावं, मग हात काढावा.